सांगली जिल्ह्याच्या क्रीडा पानाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, कुपवाड आणि तालुक्यांच्या गावांतून क्रीडा वार्ताहराला येणारे फोन वर्षानुवर्षे त्याच काही प्रश्नांभोवती फिरत असतात, म्हणून त्यांची उत्तरे एकदा लिहून ठेवली आहेत. ही उत्तरे वार्ताहराच्या बाजूने दिलेली आहेत, हे आधीच सांगितलेले बरे. बहुतेक तक्रारींचे मूळ एकाच समजुतीत सापडते. आपल्याकडे खेळाची बातमी हा सत्काराचाच एक भाग धरला जातो, म्हणजे आधी फेटा, मग नारळ आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो; वार्ताहर मात्र कोण कोणाशी खेळले, किती फरकाने जिंकले आणि निर्णायक क्षणी काय घडले, हे नोंदवण्यासाठी मैदानावर आलेला असतो.

आम्ही बातमी पाठवली होती. ती छापून का आली नाही?

पाठवलेल्या मजकुरात बहुधा निकालच नसतो. मंडळांकडून येणाऱ्या मजकुराचा साचा ठरलेला असतो. पहिल्या परिच्छेदात ज्यांच्या वाढदिवसानिमित्त स्पर्धा झाली त्यांचे नाव सर्व पदांसह येते, दुसऱ्यात उद्घाटक, तिसऱ्यात बक्षिसांचे प्रायोजक, चौथ्यात ‘यावेळी’ म्हणून सुरू होणारी उपस्थितांची यादी, आणि अगदी शेवटच्या ओळीत ‘अटीतटीच्या लढतीत अमुक संघाने बाजी मारली’ एवढेच लिहिलेले असते. अटीतटीची होती तर गुण किती झाले, हे विचारण्यासाठी फोन करावा, तर सचिव जेवणाच्या पंगतीत असतात, गुणपत्रिका पंचांकडे असते आणि पंच शेवटच्या एसटीने जतला निघून गेलेले असतात. मग पलीकडून सूचना येते, “साहेब, तुम्हीच घाला की काहीतरी, पस्तीस-एकतीस वगैरे.” तसे काहीतरी घालता येत नाही, कारण हरलेल्या संघातही पेपर वाचणारी माणसे असतात आणि त्यांना आपले गुण पाठ असतात.

अंतिम सामना रात्री झाला, तर दुसऱ्या दिवशीच्या अंकात बातमी का नसते?

जिल्हा आवृत्तीचे क्रीडा पान रात्री अकराच्या सुमारास सोडावे लागते, कारण त्यानंतर छपाई होऊन गठ्ठे पहाटेपूर्वी शिराळा, आटपाडी आणि जतच्या गाड्यांवर चढायचे असतात. प्रकाशझोतातील स्पर्धांचे वेळापत्रक कागदावर नेहमी या वेळेच्या आत बसवलेले असते. प्रत्यक्षात सहा वाजता येणारे पाहुणे आठ वाजता येतात, दोन्ही संघांची ओळखपरेड होते, भाषणे होतात, तेवढ्यात आणखी एक पाहुणे आल्यामुळे ओळखपरेड पुन्हा होते आणि उपांत्य सामना सुरू व्हायलाच साडेनऊ वाजतात. अशा वेळी पानावर उपांत्य फेरीपर्यंतचा निकाल लागतो आणि विजेत्याची बातमी एक दिवस उशिरा येते. तोपर्यंत जल्लोषाचे व्हिडिओ सगळ्या गावाने मोबाइलवर पाहून झालेले असतात, आणि मग बातमी शिळी का दिली, अशी दुसरी तक्रार येते.

मग निकाल पाठवताना नेमके काय पाठवावे?

खेळाप्रमाणे गरज बदलते. कबड्डीसाठी अंतिम गुण, मध्यंतराची आघाडी, लोण किती चढले आणि कोणाच्या, उत्कृष्ट चढाई व पकडीसाठी कोणाची नावे पुढे आली, एवढे मिळाले तर चांगली बातमी होते. मध्यंतराचे गुण फार महत्त्वाचे असतात. ते असले की संघ पिछाडीवरून जिंकला की सुरुवातीपासून पुढे होता, हे वार्ताहराला न विचारता कळते. खो-खोमध्ये नुसते ‘चार गुणांनी विजय’ असे पुरत नाही. विजय डावाने की गुणांनी, बरोबरीनंतरचा अलाहिदा (जादा) डाव खेळवावा लागला का, कोणत्या खेळाडूने किती मिनिटे आणि सेकंद संरक्षण केले आणि किती गडी बाद केले, यांशिवाय खो-खोची बातमी म्हणजे दोन संघांची नावे आणि मध्ये ‘मात’ हा शब्द. धावण्याच्या शर्यतींमध्ये क्रमांक लागतात, पण वेळ कोणी पाठवत नाही. शालेय स्पर्धेत पहिली आलेली मुलगी विभागात कुठे उभी राहील, याचा अंदाज मात्र वेळेवरूनच बांधता येतो. गोळाफेक, थाळीफेक यांत अंतर मीटरमध्ये द्यावे. टेनिस बॉल क्रिकेटमध्ये सामना किती षटकांचा होता, हे लिहायचे राहूनच जाते आणि मग ‘७२ धावांचे डोंगराएवढे आव्हान’ वाचून वाचक हसतात.

गुणपत्रिकेचा फोटो पाठवला तरी चालतो. फक्त तो काढताना अंगठा एकूण गुणांवर ठेवू नये.

आमच्या खेळाडूचे नाव चुकीचे का छापले जाते?

संघाच्या यादीत ‘सूरज, पप्पू, बंड्या, एस. पाटील, ए. पाटील, पाटील (कर्णधार)’ अशी नावे असतील, तर बरोबर छापण्यासारखे त्यात काही उरत नाही. वाळवा किंवा तासगाव तालुक्यातील कबड्डी संघात पाच पाटील असणे ही रोजची गोष्ट आहे, त्यामुळे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तिन्ही लागते. मैदानावरच्या समालोचकाने दिलेले टोपणनाव प्रेक्षकांच्या तोंडी असते, पण त्याच खेळाडूची आई सकाळी फोन करून मुलाचे नाव का आले नाही असे विचारते, आणि तिला ‘आले आहे, वाघ्या म्हणून’ असे सांगण्याची पाळी कोणावर येऊ नये. मुलींच्या संघात लग्नानंतर आडनाव बदललेली खेळाडू असेल तर स्पर्धेच्या नोंदणीत जे नाव आहे तेच कळवावे.

विजेत्या संघाच्या फोटोत कर्णधारच कापला गेला. असे का?

कारण फोटोच्या मध्यभागी चषक धरून पाहुणे उभे होते, त्यांच्या दोन्ही बाजूंना पदाधिकारी होते आणि खेळाडू खाली बसलेले किंवा कडेला सरकलेले होते. दोन कॉलमच्या जागेत तीस माणसे बसवायची म्हटल्यावर कडेचा भाग जातो, आणि कडेला कर्णधार असतो. संघाचा वेगळा फोटो काढून पाठवावा, डावीकडून क्रमाने नावे द्यावीत, आणि शक्य असेल तर खेळतानाचे एक छायाचित्र द्यावे. पकडीत सापडलेल्या चढाईपटूचा फोटो संपादकीय विभागातील माणूसही हातचा सोडत नाही. व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला की तो लहान होतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

कुस्ती चितपट झालीच नव्हती, तरी तुम्ही चितपट असे कसे लिहिले?

हा प्रश्न यात्रांच्या हंगामात सर्वांत जास्त येतो आणि सर्वांत जास्त रागाने येतो. कुंडलसारख्या मोठ्या मैदानात हौद्याभोवती हजारो माणसे बसलेली असतात, हलगी कडाडत असते, लाल माती उडत असते, आणि पाठ टेकली तो क्षण वार्ताहराच्या बाजूने दिसेलच असे नसते, कारण नेमक्या त्याच वेळी पुढचे सगळे उभे राहतात. म्हणून आम्ही पंचांचा निर्णय लिहितो. पंचांनी हात वर केला तो विजयी, बरोबरीत सोडवली तर बरोबरीत, आणि गुणांवर निकाल दिला तर गुणांवर. प्रेक्षकांतील दोन गटांना दोन वेगळ्या कुस्त्या दिसल्या असतील, तर त्याचा निवाडा दुसऱ्या दिवशीच्या पेपरातून होणार नाही.

डावाच्या नावावरून होणारे वाद त्याहून चिवट आहेत. एकाच कुस्तीबद्दल एक वस्ताद ‘घिस्सा’ म्हणतात, दुसरे ‘पोकळ घिस्सा’ म्हणतात, आणि जिंकलेला मल्ल स्वतः सांगतो की त्याने एकलंगी भरली होती. अशा वेळी जिंकलेल्या मल्लाचे म्हणणे धरावे, असा माझा शिरस्ता आहे. शेवटी डाव त्यानेच टाकलेला असतो. मोठ्या मैदानात लहानमोठ्या मिळून कितीतरी जोडी लागतात. पहिल्या चार-पाच क्रमांकांच्या कुस्त्यांचे वर्णन येते आणि बाकीच्या विजयी मल्लांची नावे एका परिच्छेदात जातात. त्या परिच्छेदात नाव यावे म्हणून लहान मुलाला खांद्यावर घेऊन वार्ताहराच्या टेबलापर्यंत आलेले वडील मी पाहिले आहेत, आणि पानावर जागा कमी पडली की आधी कापला जातो तो हाच परिच्छेद. वाचकांच्या ज्या तक्रारी मला पूर्ण पटतात, त्यांत ही पहिली आहे.

एकाच स्पर्धेचे दोन विजेते कसे असू शकतात? तुम्ही खात्री करत नाही का?

खात्री केल्यावरही दोनच निघतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये कुस्तीच्या राज्य संघटनेतील वादामुळे महाराष्ट्र केसरीच्या दोन स्पर्धा झाल्या. पुण्याजवळच्या फुलगावला सिकंदर शेख विजयी झाला आणि धाराशिवला शिवराज राक्षे. चंद्रहार पाटील यांनी २००७ आणि २००८ अशी सलग दोन वर्षे ही गदा मिळवली, त्या वेळी ‘महाराष्ट्र केसरी कोण’ या प्रश्नाला एकच उत्तर होते. संघटनांतील फूट राज्यापुरती थांबत नाही. एखाद्या खेळाच्या दोन जिल्हा संघटना होतात, दोन्ही निवड चाचण्या घेतात, दोन्ही ‘अधिकृत’ असा शब्द वापरतात, आणि आम्ही एकीची बातमी दिली की दुसरीचे सचिव सायंकाळी कार्यालयात येऊन बसतात. आम्ही कोणत्या संघटनेने स्पर्धा घेतली हे नावानिशी लिहितो आणि ‘अधिकृत’ हे विशेषण काढून टाकतो. त्यामुळे दोन्ही बाजू सारख्याच नाराज राहतात.

एखादा खेळाडू ‘सांगलीचा’ केव्हा म्हणायचा?

जिंकल्यावर, असे खरे उत्तर आहे. विजय हजारे यांचा जन्म १९१५ साली सांगलीत झाला. ते पुढे बडोद्याकडून खेळले, १९४८ मध्ये ॲडलेड कसोटीच्या दोन्ही डावांत त्यांनी शतके केली, आणि १९५२ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध भारताने पहिला कसोटी विजय मिळवला तेव्हा ते कर्णधार होते. जन्म हा निकष धरला तर ते आपले होतात, पण मग स्मृती मानधना मुंबईची होते, कारण तिचा जन्म १९९६ साली तिथला आहे आणि ती वाढली मात्र माधवनगर-सांगलीत. वाचकांना अर्थातच दोघेही हवे असतात, आणि त्यात वावगे काही नाही.

खाशाबा जाधवांच्या बाबतीत मात्र ओढाताण होते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या वेळी आजचा सांगली जिल्हा ‘दक्षिण सातारा’ या नावाने ओळखला जात होता आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले, एवढ्या आधारावर ते कांस्यपदक आपल्या खात्यात मांडणारी पत्रे येत असतात. खाशाबांचे गोळेश्वर कऱ्हाड तालुक्यात आहे, आणि तो तालुका तेव्हाही दक्षिण साताऱ्यात नव्हता. सातारकरांचे त्यांना राहू द्यावे.

आजच्या मल्लांचा हिशेब आणखी अवघड आहे. गाव कडेगाव तालुक्यात, सराव कोल्हापूरच्या तालमीत, नोकरी पुण्यात आणि स्पर्धेत नोंदणी तिसऱ्याच जिल्ह्याकडून, असा मल्ल जिंकला तर चारही ठिकाणच्या आवृत्त्यांत तो ‘आपला’ असतो. आम्ही पहिल्या ओळीत नोंदणीचा जिल्हा लिहितो आणि दुसऱ्या ओळीत गाव.

पदक मिळाले तरी ‘सुवर्ण हुकले’ असा मथळा का?

मथळा वार्ताहर देत नाही, तो कार्यालयातील उपसंपादक जागा पाहून देतो. तरीही हा आक्षेप विचार करण्यासारखा आहे. जुलै २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो वजनी गटात एकूण २४८ किलो वजन उचलून रौप्यपदक मिळवले. मलेशियाच्या खेळाडूने एकूण २४९ किलो उचलले. एका किलोचा फरक होता आणि क्लीन अँड जर्क या प्रकारातील दुसऱ्या प्रयत्नात संकेतच्या कोपराला दुखापत झाली होती, तेव्हा ‘हुकले’ हे खरेच होते. पण त्या स्पर्धेतील भारताचे ते पहिले पदक होते, हेही तितकेच खरे होते. आटपाडी तालुक्यातील करगणीच्या सचिन खिलारीने २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य मिळवले, सुवर्णविजेता १६.३८ मीटरवर होता. सहा सेंटिमीटरचा तो फरक बातमीत यायलाच हवा, पण मथळ्यात १६.३२ हा आकडा असावा, असे माझे मत आहे. कार्यालयात ते दर वेळी मानले जातेच असे नाही.

आमच्या विद्यार्थ्याला आंतरराष्ट्रीय सुवर्णपदक मिळाले. एवढी मोठी बातमी तुम्ही का टाळता?

कारण पुढचे दोन-तीन प्रश्न विचारल्यावर उत्तरे येत नाहीत. नेपाळ किंवा गोवा येथे झालेली स्पर्धा, प्रवेशासाठी पालकांकडून घेतलेले शुल्क, कधी न ऐकलेली संघटना, आणि एकेका गटात दोन किंवा तीनच स्पर्धक, असे चित्र वारंवार दिसते. मुलाने मेहनत केलेली असते, त्यामुळे नकार देताना वाईट वाटते, पण ‘आंतरराष्ट्रीय’ असे छापून आले की पुढच्या वर्षी त्याच गावातील आणखी पालक पैसे भरतात. म्हणून अशा बातमीसोबत गटातील स्पर्धकांची संख्या, सहभागी देशांची नावे आणि संघटना कोणत्या मान्यताप्राप्त राष्ट्रीय महासंघाशी संलग्न आहे, याची माहिती मागितली जाते. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य या पायऱ्या चढून आलेल्या शालेय खेळाडूचे कोल्हापूर विभागातील तिसरे स्थान अशा सुवर्णापेक्षा कितीतरी अवघड असते, कारण त्याला सांगली, सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा पाच जिल्ह्यांच्या मुलांशी खेळावे लागते.

बातमीचे कात्रण नोकरीच्या किंवा क्रीडा गुणांच्या अर्जाला चालते का?

चालत नाही. शासकीय नोकरीतील खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण असो किंवा दहावी-बारावीचे सवलतीचे गुण असोत, तिथे मान्यताप्राप्त स्पर्धेचे प्रमाणपत्र आणि क्रीडा विभागाची पडताळणी लागते. जुने कात्रण शोधून देण्यासाठी वार्ताहराकडे येणाऱ्या पालकांना हे सांगितल्यावर त्यांचा विश्वास बसत नाही, पण नियम तसाच आहे.

जाहिरात दिली तर बातमी मोठी येते, हे खरे आहे का?

नियमाने नाही. पण तालुक्याच्या ठिकाणी बातमी लिहिणारा आणि दिवाळीच्या अंकासाठी जाहिराती गोळा करणारा माणूस अनेकदा एकच असतो, त्याला मानधन अगदी तुटपुंजे मिळते, आणि मंडळाचे अध्यक्ष त्याच्याशी बोलताना दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात बोलतात. यातून संशय निर्माण होतो आणि तो नेहमीच निराधार असतो, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. मंडळांनी एवढे करावे की बातमीच्या चौकशीत जाहिरातीचा उल्लेख करू नये. “मागच्या वर्षी पाव पान दिलं होतं की वो आम्ही” हे वाक्य ऐकल्यावर प्रामाणिक वार्ताहराची पंचाईत होते. बातमी खरोखर मोठी असली तरी ती मोठी लावताना त्याचा हात आखडतो.

निवड चाचणीत आमच्या मुलीवर अन्याय झाला. तुम्ही लिहीत का नाही?

लिहितो, पण नाव न सांगता रात्री केलेल्या फोनवर लिहिता येत नाही. चाचणीचे निकष काय जाहीर झाले होते, निवड समितीत कोण होते, मुलीची त्या दिवशीची कामगिरी काय होती आणि निवडलेल्या खेळाडूची काय होती, हे कागदावर हवे, आणि संघटनेची बाजूही विचारली जाणार, हे पालकांनी मान्य करायला हवे. इथपर्यंत आल्यावर बहुतेक पालक माघार घेतात. मुलीला पुढच्या वर्षी त्याच समितीसमोर उभे राहायचे असते, त्यामुळे त्यांची भीती समजण्यासारखी आहे. संघटनेचे पदाधिकारीही ती जाणतात, आणि ‘कोणाचीही लेखी तक्रार नाही’ असे उत्तर ते त्याच भरवशावर देतात.

आम्ही हरलो, तर ती बातमी द्यायलाच हवी का?

होय. जिंकल्यावर मध्यरात्री फोन करणारे प्रशिक्षक हरल्यावर दिवसभर फोन उचलत नाहीत, त्यामुळे हरलेल्या संघाची बाजू बातमीत येत नाही, आणि मग बातमी एकतर्फी असल्याची तक्रार त्यांच्याकडूनच येते.

क्रिकेटलाच जास्त जागा का?

वाचक ते वाचतात म्हणून. मार्च २०२३ मध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीतच झाली आणि सांगलीची प्रतीक्षा बागडी जिंकली, तेव्हा कुस्तीने क्रिकेटला सहज मागे सारले होते. एरवी महिलांच्या स्पर्धांचे निकाल आमच्यापर्यंत फार उशिरा पोहोचतात, आणि त्यात आयोजकांइतकाच आमचाही आळस असतो, कारण पुरुष गटाच्या निकालासाठी आम्ही स्वतः फोन करतो.

आमच्या स्पर्धेला वार्ताहराने यावे, यासाठी काय करावे?

निमंत्रणपत्रिकेपेक्षा स्पर्धेची भाग्यपत्रिका, म्हणजे कोणाचा सामना कोणाशी याचा तक्ता, आणि सामन्यांच्या वेळा आधी पाठवाव्यात. शालेय स्पर्धांच्या दिवसांत पाऊस असतो आणि मैदान ऐनवेळी बदलते, तेव्हा बदललेले ठिकाण कळवायला विसरू नये. मिरजेच्या क्रीडांगणावर पोहोचल्यावर सामने सांगलीत चालू असल्याचे तिथल्या चहावाल्याकडून समजणे बरे नव्हे. गुणलेखकाच्या शेजारी एक खुर्ची आणि मोबाइल चार्ज करायला एक प्लग एवढी सोय पुरते. सामना चालू असताना वार्ताहराला सत्कारासाठी व्यासपीठावर बोलावू नये, कारण दोन गुणांचा फरक असताना शेवटची चढाई सुरू असते आणि तो हातात नारळ घेऊन मैदानाकडे पाठ करून उभा असतो. पान सुटण्याच्या वेळेआधी अंतिम सामना संपणार नसेल, तर उपांत्य फेरीचे निकाल नऊपर्यंत पाठवावेत आणि अंतिम निकाल दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत, गुणपत्रिकेच्या फोटोसह, संघांच्या पूर्ण नावांसह, आणि पाहुण्यांची यादी शक्यतो वेगळ्या संदेशात.